ग्लास मोजायचे की गळती?

भरपूर पाणी प्या, त्वचा तजेलदार होईल, हा सल्ला इतक्या ठिकाणांहून मिळतो की तो कुणी आणि कशाच्या आधारावर दिला हे विचारायचंच राहून जातं. सौंदर्यविषयक सदरांत तो असतो, योगवर्गांत असतो, आणि लग्न ठरलेल्या मुलीला घरातल्या बायका ज्या सूचना देतात त्यांतही असतो. उलट बाजूला, हे सगळंच थोतांड आहे असं म्हणून मोकळे होणारेही आता कमी नाहीत. या दोन्ही बाजूंना पुराव्यासमोर उभं करण्यासाठी पुढचा संवाद रचला आहे. त्यातली आत्या जीवशास्त्राची निवृत्त शिक्षिका असून आता सोसायटीत योगवर्ग घेते. भाची वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवते. माणसं कल्पित आहेत, त्यांच्या तोंडचे प्रयोग आणि आकडे मात्र खरे आहेत.

आत्या : तू पुरावा मागणार हे ठाऊक आहे, म्हणून पाठ्यपुस्तकातल्या गोष्टीपासूनच सुरुवात करते. प्रौढ माणसाच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग पाणी असतो आणि त्वचेच्या खोल थरांत ते सत्तर टक्क्यांच्या आसपास भरतं. जुलाब झालेलं बाळ तपासताना डॉक्टर त्याच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडतात. ती झटकन बसली तर ठीक. दोन सेकंदांहून जास्त वेळ तशीच उभी राहिली तर शरीरातलं पाणी धोक्याच्या पातळीपर्यंत घटलंय असं समजतात. जागतिक आरोग्य संघटनेनंच ही खूण शिकवली आहे. 1971 साली बांगलादेश मुक्तियुद्धाच्या काळात बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना मीठ आणि ग्लुकोज घातलेलं पाणी पाजलं, आणि तिथलं मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आलं. कॉलऱ्यात बोटांची कातडी सुरकुतते, डोळे खोल जातात, आणि पोटात पाणी गेलं की तेच शरीर पुन्हा भरून येतं. पाणी घटलं की त्वचा सुकते आणि पाणी दिलं की सावरते, एवढं उघड दिसत असताना पाण्यानं त्वचा सुधारते हे मान्य करायला तुला आणखी काय हवंय?

भाची : उदाहरण बरोबर आहे, आत्या, पण निष्कर्ष काढताना तू एक पायरी गाळतेस. कमतरता भरून काढल्यानं फायदा होतो, एवढ्यावरून गरजेपेक्षा जास्त दिल्यानं आणखी फायदा होईल असं ठरत नाही. छावणीत जे दिलं ते नुसतं पाणीही नव्हतं. ग्लुकोज आणि मीठ सोबत असल्यामुळे आतड्यानं पाणी आत ओढून घेतलं, आणि मिठामुळे ते पेशींबाहेरच्या द्रवात टिकून राहिलं. निरोगी माणूस चार ग्लास साधं पाणी जास्तीचं पितो तेव्हा काहीतरी वेगळंच घडतं. रक्त किंचित पातळ होतं. एखाद-दोन टक्क्यांचा फरकही मेंदूला कळतो. व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक कमी स्रवतं आणि मूत्रपिंडं दरवाजे उघडतात. तासाला जवळजवळ एक लिटरपर्यंत पाणी बाहेर टाकण्याची त्यांची ताकद असते. चरबी साठवायची सोय शरीरात आहे, साखर साठवायचीही थोडी आहे. पाण्याचं कोठार मात्र नाही. म्हणून ते जास्तीचे चार ग्लास दोन-तीन तासांत बाहेर पडतात आणि त्वचेला त्यातलं वेगळं काही मिळत नाही. आणखी एक गोष्ट बघ. चिमटीची परीक्षा त्वचेच्या खोल थराची, तिच्या लवचीकपणाची आहे. वयस्कर माणसांत ती फसते, कारण तिथले लवचीक तंतूच कमी झालेले असतात. लोक आरशात बघून त्वचा कोरडी झाली म्हणतात तो कोरडेपणा अगदी वरच्या, मेलेल्या पेशींच्या पापुद्र्यातला असतो. दोन्हीला आपण कोरडेपणाच म्हणतो, पण त्यांची कारणं एक नाहीत.

आत्या : मूत्रपिंडाचा हिशोब मला मान्य आहे. पण शरीराबद्दल तर्कानं जे सिद्ध होतं ते प्रयोगात खोटं ठरल्याची उदाहरणं कमी नाहीत. 2015 साली लिस्बनच्या संशोधकांनी 49 निरोगी तरुणींवर प्रयोग केला. रोजच्या खाण्यापिण्यातून एकूण किती पाणी पोटात जातं ते मोजून त्यांचे दोन गट पाडले, दिवसाला 3.2 लिटरपेक्षा कमी पाणी घेणाऱ्यांचा आणि त्याहून जास्त घेणाऱ्यांचा. मग दोन्ही गटांना महिनाभर रोज 2 लिटर पाणी वाढवायला सांगितलं. त्वचेचा ओलावा आणि तिची ताणली जाण्याची, परत बसण्याची क्षमता यंत्रानं मोजली, आणि ओलावा वाढलेला आढळला. कमी पाणी पिणाऱ्यांत तर ठळकपणे. आता हा प्रयोग कुठल्या मासिकातल्या सौंदर्यसल्लागारानं केलेला नाही. तुझ्या हिशोबानं ते जास्तीचं पाणी मूत्रातून निघून जायला हवं होतं. मग त्वचेत फरक कसा पडला?

भाची : हा प्रयोग तुझ्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा आहे, म्हणून तो नीट वाचायला हवा. त्यात पाणी न वाढवलेल्या स्त्रियांचा तिसरा गट नव्हता. महिनाभरात हवामान बदलतं, हवेतला दमटपणा बदलतो, आणि आपण प्रयोगात आहोत हे कळलं की माणूस साबण, क्रीम, झोप, खाणं याबाबतही नकळत वेगळं वागतो. तुलनेचा गट नसेल तर झालेल्या फरकातला पाण्याचा वाटा किती, हे वेगळं काढता येत नाही. तरीही मी तो निष्कर्ष उडवून लावत नाही, कारण सर्वांत जास्त फरक कमी पिणाऱ्यांत पडला हे माझ्याच म्हणण्याशी जुळतं: जिथे तूट असेल तिथे फायदा. एका प्रयोगावर थांबायचीही गरज नाही. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या संशोधकांनी 2018 साली या प्रश्नावरचं सगळं लेखन चाळलं. दोनशेच्या वर नोंदींमधून निकषांत बसणारे अभ्यास निघाले फक्त सहा. त्यांतून एवढंच दिसलं की पाणी वाढवल्यावर वरच्या थराचा ओलावा थोडा वाढू शकतो, तोही मुख्यतः आधी कमी पिणाऱ्यांत. आणि या अभ्यासांची पद्धतच कच्ची असल्यामुळे पुरावा दुबळा आहे. जगभरातले लोक ज्या गोष्टीवर इतक्या ठामपणे बोलतात तिच्यामागे सहा कच्चे अभ्यास असावेत, हीच खरी बातमी आहे. शिवाय यंत्रातला आकडा वाढणं आणि सुरकुत्या जाणं यांत मोठं अंतर आहे. यंत्र त्वचेच्या पृष्ठभागाचा विद्युत गुणधर्म मोजून ओलाव्याचा अंदाज देतं. त्या आकड्यावरून चेहरा तरुण दिसेल असं म्हणणारा माणूस पुराव्याच्या पुढे पळतो.

आत्या : अभ्यास सहा असोत की साठ, रोज डोळ्यांना दिसतं ते कसं नाकारशील? थंडी पडली की तहान कमी लागते, आपण पाणी कमी पितो, आणि त्याच दिवसांत टाचांना भेगा पडतात, ओठ फुटतात, पायाची नळी उलून पांढरी होते. उन्हाळ्यात तांब्यावर तांब्या रिचवतो, तेव्हा यातलं फारसं काही होत नाही. परंपरेचंही ऐक. सूर्योदयाच्या आधी आठ पसे पाणी प्यावं, त्यानं रोग आणि म्हातारपण दूर राहतं, असं उषःपानाचं माहात्म्य भावप्रकाशात सांगितलंय. आणि आजचं विज्ञानही दिवसाला आठ ग्लास म्हणतंच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शिकेतसुद्धा साधारण 2 लिटरचा आकडा आहे. परंपरा, अनुभव आणि सरकारी संस्था, तिघं एका दिशेला बोट दाखवत असताना तू उलट का जातेस?

भाची : तिघं एका दिशेला बोट दाखवत नाहीत, म्हणून. थंडीपासून बघू. हिवाळ्यात दोन गोष्टी एकाच वेळी होतात: तहान कमी लागते आणि हवा कोरडी होते. तू पहिलीला दोष देतेस, पण त्वचा उलते ती दुसरीमुळे. जानेवारीत दमट किनारपट्टीवरून देशावर आलेल्या माणसाचे ओठ पाणी तितकंच पिऊनही फुटतात. याचं कारण त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात आहे. हा थर मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतका किंवा त्याहूनही पातळ असतो. फक्त तळहात-तळपायांवर तो जाड असतो. अमेरिकी त्वचाशास्त्रज्ञ पीटर इलायस यांनी 1983 साली त्याची रचना विटांच्या भिंतीसारखी मांडली. चपट्या मृत पेशी या विटा, आणि सेरामाइड, कोलेस्टेरॉल, मेदाम्लं यांचं मिश्रण हा त्यांच्यामधला चुना. आतून बाहेर पडू पाहणारं पाणी हा चुना अडवतो, तरी दिवसाला साधारण 300 ते 400 मिलिलिटर पाणी घाम न येताही त्वचेतून उडून जातं. विटांच्या आत पाणी धरून ठेवणारी अमिनो आम्लं आणि युरियासारखे पदार्थ असतात, आणि त्यांतला मोठा भाग फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनापासून तयार होतो. या प्रथिनाच्या जनुकातल्या बिघाडाचा जन्मजात कोरड्या त्वचेशी आणि इसबाशी संबंध असल्याचं 2006 साली स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं. अशा माणसाचा कोरडेपणा ग्लासांनी भरून निघणारा नसतो. त्याच्या शरीरात पाणी पुरेसं असतं, कमी असते ती ते धरून ठेवायची ताकद.

यातला सर्वांत बोलका प्रयोग 1952 सालचा आहे. आयर्विन ब्लँक यांनी कडक झालेल्या मृत त्वचेचे तुकडे घेतले. ते तेलात बुडवून ठेवले तरी ठिसूळच राहिले. पाणी मिळाल्यावर मऊ झाले. म्हणजे त्वचेला मऊपणा पाणीच देतं, इथपर्यंत तुझा विश्वास बरोबर आहे. पण त्या तुकड्यांना रक्तवाहिनी नव्हती. त्यांना पाणी मिळालं बाहेरून, आणि ते त्यांच्यात किती राहील हे ठरलं भोवतालच्या हवेवरून. वरच्या थरातलं पाणी दहा टक्क्यांच्या खाली गेलं की तो कडक होऊन तडकतो, आणि ते खाली जातं कोरड्या हवेनं, कढत पाण्याच्या लांबलचक आंघोळीनं आणि साबणानं. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, त्याचा सामू पाचच्या आसपास. साध्या साबणाच्या वडीचा नऊ ते दहा. रोज दोनदा खसाखसा साबण लावणारा माणूस विटांमधला चुना धुऊन काढतो आणि मग दुपारी एक ग्लास पाणी जास्त पितो. दिवाळीच्या अभ्यंगात थंडीच्या तोंडावर अंगाला तेल लावायचं ठरवणाऱ्यांना यातलं काहीतरी निरीक्षणानं नक्कीच उमगलं होतं. ब्लँक यांच्या प्रयोगामुळे त्यात एवढीच भर पडते की तेल स्वतः ओलावा देत नाही, असलेला ओलावा उडू देत नाही; म्हणून आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच खोबरेल किंवा साधं मलम लावलेलं जास्त उपयोगी पडतं.

परंपरेचं म्हणशील तर तीही एका सुरात बोलत नाही. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात, शरद आणि ग्रीष्म हे ऋतू सोडले तर निरोगी माणसानंही पाणी बेतानंच प्यावं असं सांगितलंय. भावप्रकाश त्याच्या कित्येक शतकांनंतरचा ग्रंथ. आपण सोयीचा ग्रंथ निवडतो आणि त्याला परंपरा म्हणतो. आठ ग्लासांचीही अशीच गत आहे. 1945 साली अमेरिकेच्या अन्न आणि पोषण मंडळानं प्रौढांसाठी दिवसाला अडीच लिटर पाण्याचा आकडा दिला आणि त्याला जोडूनच म्हटलं की यातलं बरंचसं पाणी तयार अन्नातच असतं. लोकांनी आकडा उचलला आणि दुसरं वाक्य गाळलं. 2002 साली हाइन्झ व्हाल्टिन या मूत्रपिंडतज्ज्ञानं निरोगी माणसानं रोज आठ ग्लास प्यावेत याला आधार शोधला, तेव्हा त्यांना तो सापडला नाही. आपल्या ताटातलं वरण, भात, आमटी, ताक, काकडी, वर दोन वेळचा चहा, हे सगळं पाण्याच्या हिशोबात धरावं लागतं. पोषण संस्थेचा 2 लिटरचा आकडा सर्वसाधारण आरोग्यासाठीचा ढोबळ अंदाज म्हणून उपयोगाचा आहे. त्वचेचं सौंदर्य हा त्याचा विषय नाही.

आत्या : धरून चालू की त्वचेसाठी पाण्याचा उपयोग बेताचाच आहे. पण सल्ला म्हणून तो निरुपद्रवी आहे की नाही? पाणी स्वस्त आहे, महागड्या क्रीमपेक्षा तर नक्कीच. ते प्यायल्यानं कुणाचं वाकडं होत नाही. उलट शरीरातली घाण निघून जाते आणि मुरमं कमी होतात, असं किती जणी सांगतात! शिवाय तुझ्या हिशोबात सगळी माणसं तहान लागली की पाणी पिणारी आहेत. खरी माणसं तशी नसतात. म्हाताऱ्यांची तहानेची जाणीव मंदावते. शाळेतल्या मुली, रस्त्यावर भाजी विकणाऱ्या, दिवसभर बंदोबस्तावर उभ्या असणाऱ्या महिला पोलीस मुद्दाम पाणी टाळतात, कारण जायला जागा नसते. मुंबईत 2011 साली बायकांच्या स्वच्छतागृहांसाठी राइट टू पी चळवळ उभी राहिली ती उगाच नाही. या बायका खरोखरच कमी पाणी पितात. त्यांना त्वचेच्या निमित्तानं का होईना, दोन ग्लास जास्त प्यायला सांगितलं तर तुझं काय बिघडलं?

भाची : तुझा हा मुद्दा मला सर्वांत जास्त पटतो, आणि म्हणूनच हा सल्ला त्या बायकांसाठी सर्वांत निरुपयोगी वाटतो. जिला प्यायचं कळतं पण परवडत नाही, तिला जास्त प्या म्हणणं म्हणजे शहराची चूक तिच्या शिस्तीवर ढकलणं. तिला बाटली नको आहे, स्वच्छ आणि फुकट स्वच्छतागृह हवं आहे. म्हाताऱ्यांना तहान लागेपर्यंत थांबू नका असं सांगायलाच हवं, पण ते चक्कर, बद्धकोष्ठ आणि उन्हाळ्यातला उष्माघात टाळण्यासाठी. आता निरुपद्रवीपणाचं. हृदय किंवा मूत्रपिंडं निकामी होत चाललेल्या रुग्णाला डॉक्टरांनी पाणी मोजून दिलेलं असतं. भरपूर प्या हा सरसकट सल्ला त्याच्यासाठी घातक आहे. निरोगी माणसांतही अति झालं की रक्तातलं सोडियम घसरतं. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या 488 धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा 13 टक्के जणांचं सोडियम कमी निघालं, आणि धावता धावता वजन वाढावं इतकं पाणी प्यायलेल्यांत हे प्रमाण जास्त होतं. घरात बसून थोडं जास्त पिणाऱ्याला हा धोका जवळजवळ नाही, हेही मी मान्य करते.

पण खरं नुकसान वेगळंच आहे. मुरमं येतात ती तैलग्रंथींचा स्राव, संप्रेरकं, छिद्रं बुजणं आणि तिथले जीवाणू यांमुळे. शरीरातल्या घाणीमुळे नव्हे. टाकाऊ पदार्थ काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, आणि जास्त पाण्यानं त्यांच्यात सौंदर्यप्रसाधनाची शक्ती येत नाही. ज्या मुलीला मुरमांवर औषध हवं असतं ती महिनोन्महिने पाण्याच्या बाटल्या मोजत राहते, आणि तोवर चेहऱ्यावर कायमचे खड्डे पडू शकतात. कोरडी, खाजरी त्वचा कधी थायरॉइड मंदावल्याची, कधी मधुमेहाची, कधी मूत्रपिंडाच्या आजाराची खूण असते. तिचं उत्तर पाणी कमी पिता असं मिळालं, तर तपासणी पुढे ढकलली जाते आणि दोषही रुग्णाच्याच माथी येतो. सल्ला स्वस्त असला तरी त्यापायी वाया गेलेला वेळ स्वस्त नसतो.

आत्या : मग शेवटी तुझं म्हणणं असंच झालं ना, की पिण्याच्या पाण्याचा आणि त्वचेचा संबंध नाही? मला हे टोकाचं वाटतं. आपल्या आजीच्या पिढीनं नारू पाहिला आहे. दूषित पाणी पोटात गेलं आणि वर्षभरानं पायाची कातडी फोडून हातभर लांबीचा किडा बाहेर आला. याहून सरळ संबंध कोणता असू शकतो?

भाची : संबंध नाही असं मी म्हणतच नाही. तो किती पाणी यापेक्षा कोणतं पाणी या प्रश्नात जास्त आहे, आणि तू अगदी योग्य उदाहरण दिलंस. नारूच्या अळ्या पाण्यातल्या सूक्ष्म जलपिसवांमध्ये असत आणि पायऱ्यांच्या विहिरीत माणसं पाय बुडवून पाणी भरत, तिथेच चक्र पूर्ण होई. ते तोडायला औषध किंवा लस नव्हती. पाणी फडक्यानं गाळणं, विहिरींच्या पायऱ्या बंद करणं आणि पाण्यात जलपिसवा मारणारं रसायन टाकणं, एवढ्यावर काम झालं. भारतातला शेवटचा रुग्ण 1996 साली राजस्थानात सापडला आणि 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेनं देश नारूमुक्त असल्याचं प्रमाणपत्र दिलं. त्याच सुमारास बंगालमध्ये दुसरं संकट मोठं होत होतं. तळ्यांतलं पाणी पिऊन मुलं हगवणीनं मरत, म्हणून गावोगाव कूपनलिका खणल्या गेल्या, आणि त्यांतल्या कित्येकींमधून गंगेच्या गाळात मुळातच असलेलं आर्सेनिक वर आलं. 1983 साली कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये डॉ. के. सी. साहा यांनी अंगावर पावसाच्या थेंबांसारखे डाग आणि तळहात-तळपायांवर खरखरीत गाठी असलेले रुग्ण ओळखले. ही त्वचा बिघडली होती ती पिण्याच्या पाण्यानं. तिथे जो जास्त पाणी पितो त्याच्या पोटात विषही जास्त जातं. उन्हात राबणाऱ्या शेतकऱ्याला सर्वांत जास्त. आज पिण्याच्या पाण्यासाठी आर्सेनिकची मर्यादा लिटरमागे 0.01 मिलिग्रॅम आहे आणि ते चवीनं, रंगानं किंवा वासानं कळत नाही. पाणी आणि त्वचा यांच्या नात्याबद्दल इतका ठोस पुरावा दुसरा क्वचितच असेल. पण तजेल्याच्या गप्पांत पाणी तपासून घेण्याचा विषय निघत नाही, कारण तपासणी एकट्या माणसाच्या शिस्तीनं होत नाही. त्याला ग्रामपंचायत, प्रयोगशाळा आणि सरकार लागतं.

आत्या : इथवर मी तुझ्यासोबत आले. पण एक आक्षेप अजून शिल्लक आहे. माणसं मूत्रपिंडासाठी पाणी पीत नाहीत, चेहऱ्यासाठी पितात. कारण चुकीचं असलं तरी सवय चांगली लागते. ते कारणच काढून घेतलं तर सवयही जाईल. वर्गातल्या बायकांना मी उद्या काय सांगू?

भाची : चुकीच्या कारणावर लागलेली सवय ते कारण फसलं की सुटते. दोन महिने पाणी पिऊन चेहरा तसाच राहिला की बाटली कोपऱ्यात जाते, आणि पुढच्या वेळी खरा सल्लाही कुणी ऐकत नाही. पाण्याच्या बाजूनं भक्कम पुरावा हाताशी असताना दुबळा कशाला वापरायचा? इटलीत एकदा मूतखडा होऊन गेलेल्यांवर पाच वर्षं चाचणी चालली. तिचे निष्कर्ष 1996 साली प्रसिद्ध झाले. लघवी दिवसाला 2 लिटर होईल इतकं पाणी पिणाऱ्यांत खडा परत झाला 12 टक्क्यांना, बाकीच्यांत 27 टक्क्यांना. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत मूत्राशयाचा जंतुसंसर्ग वारंवार होणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या 140 स्त्रिया होत्या. त्यांतल्या निम्म्यांनी रोज दीड लिटर पाणी वाढवलं. वर्षभरात त्यांना संसर्ग सरासरी 1.7 वेळा झाला, न वाढवणाऱ्यांना 3.2 वेळा. दोन्ही ठिकाणी तुलनेचा गट होता आणि फरक मोजून दाखवता येतो. तुझ्या वर्गातल्या बायकांना हे कारण समजणार नाही असं मला वाटत नाही; खडा आणि जळजळ यांचा अनुभव तजेल्याच्या स्वप्नापेक्षा जास्त जणींना असेल. ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून दिलेलं नाही त्यांना सांग की लघवी फिकट पिवळी राहील इतकं प्या, उन्हात आणि श्रमात त्याहून जास्त, आणि बाहेर पडताना कोंडून ठेवावं लागत असेल तर नगरसेवकाकडे स्वच्छतागृह मागा.

आत्या : आणि त्वचेचं कुणी विचारलंच तर?

भाची : तर आधी गळती बघायला सांग: आंघोळीचं पाणी किती कढत आहे, साबण किती लावता, अंग पुसल्यावर लगेच तेल किंवा मलम लावता का. एवढं करून महिनाभरात फरक पडला नाही, किंवा खाज, चट्टे, भेगांतून रक्त असं काही असेल, तर डॉक्टरांना दाखवा म्हणावं. घरचं पाणी बोअरवेलचं असेल तर ते प्रयोगशाळेत तपासून घ्यायला सांग. ग्लास किती प्यायले हा प्रश्न या सगळ्यांनंतर येतो, आणि तिथे पोचेपर्यंत बहुतेकींना त्याची गरज उरलेली नसते.